गोडदेवचे मेस्त्री

मेस्त्रींनी कामाचे पूर्ण पैसे घेतले होते. बिल फाडलं होतं, सही केली होती, सुटे परत दिले होते. व्यवहार तिथेच मिटला. तरीही आमच्या घरात कुणाचे उपकार आठवायचे झाले की आई पहिलं नाव त्यांचंच घेते आणि मी दुसरं नाव शोधत बसत नाही.

भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा होता. भाईंदर म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोकल आठवते, फार तर मिठागरं. पण इथल्या गल्ल्यांमधून चाललात तर कानावर येतो तो पत्र्याचा आवाज. वाट्या, पातेली, डबे, पिंपं अशी स्टीलची भांडी इथे दाबली, कापली, घासून चकचकीत केली जातात. मेस्त्री भांडी करत नसत. भांडी करणाऱ्या प्रेसचं काही मोडलं, शाफ्ट झिजला, डायला चरा पडला, की तो माल त्यांच्याकडे येई. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, भिंतीवर अंबाबाईचा फोटो. मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात हात तयार झालेला, त्यामुळे कुठलाही तुटका भाग पाहिला की आधी तो चोळून बघत, मग बोलत.

त्यांच्याकडे जायची वेळ आली ती दादामुळे. घोडबंदर रस्त्यावर रात्री मोटरसायकल घसरली आणि दादाच्या कमरेखालचं सगळं गेलं. इस्पितळानंतर हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत त्याला बसायला, पलंगावरून खुर्चीत सरकायला, दर थोड्या वेळाने हातांवर भार घेऊन अंग उचलायला शिकवलं. ती संस्था 1955 पासून हेच काम करते आहे आणि तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दादाला एकदाही ‘बिचारा’ म्हटलं नाही. शिकून तो घरी आला आणि घर आडवं आलं.

नेहमीची घडीची व्हीलचेअर वीस किलोच्या आसपास भरते. तिची मोठी चाकं नटांनी आवळलेली असतात, पान्याशिवाय निघत नाहीत. आमच्या इमारतीच्या लिफ्टला जाळीचं सरकतं दार. खुर्ची त्यात जेमतेम शिरायची, पण दादाची बोटं दोन्ही बाजूंनी सोलून निघायची. बाथरूमचं दार तर त्याहून अरुंद. रिक्षावाला लांबून खुर्ची पाहिली की मीटर नसलेल्या बाजूला तोंड फिरवून निघून जाई. त्याचंही चूक नाही. ती खुर्ची त्याने ठेवायची कुठे?

मग न्यू जर्सीच्या मावसभावाने तिथल्या कुणाची तरी वापरलेली खुर्ची सुट्टीवर येताना आणली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, एका हातात उचलावा असा. मोठ्या चाकांच्या मध्यभागी एकेक बटण. अंगठ्याने बटण दाबायचं आणि चाक बाहेर ओढायचं, बस. पाना नाही, नट नाही, घाम नाही. आई दोन्ही चाकं काढून दिवाणाखाली ठेवायची आणि कुणी आलं की ती काढून दाखवायची.

ही करामत चाकात नसते, चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या पिनेत असते. पिन अर्ध्या इंचाची, आतून पोकळ. पोकळीत एक बारीक दांडी आणि तिला रेटणारी स्प्रिंग. पिनेच्या टोकाला दोन छर्रे बसवलेले. एरवी दांडीचा जाड भाग त्या छर्‍यांखाली असतो, म्हणून ते बाहेर टरारून राहतात आणि खुर्चीच्या बुशापलीकडे अडकतात. चाक कितीही ओढा, येत नाही. बटण दाबलं की दांडी पुढे सरकते, तिची खाच छर्‍यांखाली येते, छर्रे आत बुडतात आणि पिन सुळकन निघते. सगळा माणूस दोन छर्‍यांवर बसलेला असतो. हे कळलं तेव्हा मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

आणि भाईंदरची हवा. एका अंगाला वसईची खाडी, भोवती मिठागरं. इथे खिडकीचे गज गंजतात, पंख्याची पाती गंजतात, कुलपं पावसाळ्यानंतर उघडायला नाटकं करतात. त्या परदेशी पिनेची काय कथा. आतली दांडी हळूहळू जड झाली, छर्रे पूर्ण बाहेर येईनासे झाले आणि जेसल पार्ककडे जाताना एका उतारावर डावं चाक आपणहून बाहेर आलं. दादा कलला. मागून येणाऱ्या एका शाळकरी पोराने दप्तर टाकून खुर्ची धरली, नाहीतर रस्त्यावरच गेला असता. नवीन पिनांची किंमत डॉलरमध्ये, वर कुरिअर, वर कस्टम. तोवर दादाने घरात बसायचं.

कुणीतरी म्हणालं, लेथवाल्याला दाखवा. पहिल्या दोघांनी पिन हातात घेऊन परत दिली. एवढ्याशा कामासाठी मशीन कोण लावणार? मेस्त्रींनी ती डोळ्याशी धरली, बटण दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग विचारलं, “वजन किती हाय माणसाचं?”

आजवर त्या खुर्चीबद्दल कुणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता.

मला वाटलं होतं, स्टीलच्या गावात स्टीलची पिन होऊन जाईल. मेस्त्री हसले. भांड्याचं स्टील गंजत नाही पण मऊ असतं. छर्रे त्यात घर करतील, महिन्याभरात पिन डुलायला लागेल. त्यांना हवं होतं ई-एन-24. ते चिवट, पण गंजणारं. म्हणजे वरून हार्ड क्रोम चढवायचं. छर्रे आणि स्प्रिंग आणायला त्यांनी मला नागदेवी स्ट्रीटला पाठवलं, जुना छर्रा कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि बजावलं, “ह्याच मापाचा. जरा मोठा म्हनला तर घिऊ नका.” मशीद बंदरला उतरून त्या गर्दीत मी पुडी मुठीत धरून फिरत होते. दुकानदाराने मायक्रोमीटर लावून छर्रे मोजून दिले. एवढ्या छोट्या गिऱ्हाइकाचीही तिथे थट्टा होत नाही, हे नागदेवीचं मला आवडलं.

काम मी उभं राहून पाहिलं. आधी दांडा चकात धरून बाहेरून उतरवला, पण पूर्ण मापाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, क्रोमचा थर चढणार, त्याच्यासाठी दोन थाऊ आधीच सोडायला हवेत. मग मधून भोक. एवढ्या लांबीचं बारीक भोक सरळ जाणं हीच खरी मारामारी. ड्रिल थोडं आत घालायचं, बाहेर काढायचं, बुरादा झटकायचा, तेल सोडायचं, परत आत. त्यांचा पोरगा घाईने दाब द्यायला लागला तशी त्याच्या हातावर चापट बसली. आतली दांडी वेगळी केली, तिची खाच कानशीने घासून गुळगुळीत केली, कारण छर्रा त्या उतारावरून घसरायचा असतो, अडखळायचा नसतो. टोकाकडच्या भागाला टेप गुंडाळून पिन प्लेटिंगला गेली. टेप का? तर छर्रे बसवल्यावर भोकाच्या तोंडावर गोल पंच ठेवून हलकेच ठोकायचं असतं. धातूची कड किंचित आत वळते, छर्रा डोकावतो पण पडत नाही. क्रोम असता तर त्या ठोक्याने पापुद्रे सुटले असते. ते दोन ठोके त्यांनी मारले तेव्हा गाळ्यात कुणी बोललं नाही. जास्त लागला तर छर्रा जाम, कमी लागला तर रस्त्यात गळून जाणार.

पिन खुर्चीत बसली. मेस्त्रींनी बटणाला हात न लावता चाक धरून दोन्ही हातांनी, पाय लावून ओढलं. नाही आलं. मग बटण दाबून एका बोटाने काढलं. मग दादाला बसवलं आणि पुन्हा ओढलं.

पैशांचा विषय मी काढला. शेजारचा गाळेवाला म्हणाला, “अपंगाचं काम आहे, मेस्त्री, पुण्य लागेल.” मेस्त्रींनी चष्मा काढला. “ताई, फुकट केलं तर तुमी पुन्यांदा येनार न्हाई. लाज वाटंल. पैसं द्या, म्हंजे पिन बिघडली तर भांडायला बी या.” आणि त्यांनी मजुरी, प्लेटिंग, माल अशा तीन ओळी लिहून बिल दिलं. अपघातापासून लोक आम्हाला काही ना काही देत होते: फळं, सल्ले, अंगारे, देणग्या. गिऱ्हाईक म्हणून दादाशी वागणारा हा पहिला माणूस. दादाने स्वतःच्या पाकिटातून नोटा काढून मोजल्या. गिऱ्हाइकाला हुज्जत घालता येते, उपकाराखाली दबलेल्याला येत नाही, हे मेस्त्रींना शिकवावं लागलं नव्हतं.

हुज्जत घातलीही. दुसऱ्या बाजूची पिन थोडी खुळखुळत होती म्हणून दादाने फोन केला. मेस्त्री संध्याकाळी घरी आले आणि पिनेआधी त्यांची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली. खिशातून टेप काढून दार मोजलं, खुर्ची मोजली, चाकं काढून सांगाडा मोजला. सांगाडा आत जात होता! अडचण एवढीच की मोठी चाकं काढली की मागचा भाग जमिनीवर टेकणार. “मागं दोन बारकी चाकं लावूया की. जमिनीपास्नं बोटभर वर.” आठवड्याने ती लागली. एरवी ती हवेत असतात. बाथरूमच्या दाराशी आई एक बाजू किंचित उचलते, दादा बटण दाबून चाक काढतो, तीच गोष्ट दुसऱ्या बाजूला, आणि खुर्ची चार छोट्या चाकांवर आत सरकते. त्या दिवसापासून दादाला आंघोळीला उचलून न्यायला दोन पुरुष लागेनासे झाले. विमानाच्या अरुंद वाटेतून जाता यावं म्हणून परदेशी खुर्च्यांना अशी चाकं लावतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मेस्त्री तोवर विमानात बसले नव्हते.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. सायकलच्या चाकाची झटपट निघणारी खिट्टी इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो या सायकलपटूने काढली, 1930 मध्ये पेटंट घेतलं. एका शर्यतीत बर्फाने बोटं गारठली, नट फिरेनात, म्हणून त्याला ही युक्ती सुचली, अशी कथा सांगतात. काही अभ्यासक ती खरी मानत नाहीत. हल्ली मीरा रोडच्या दुकानांतल्या सायकलींनाही तसली खिट्टी असते आणि रविवारी सकाळी उत्तनकडे जाणारी मंडळी पंक्चर काढताना ती उघडताना दिसतात. त्यांची मिनिटं वाचतात. आमची वाचायची ती रिक्षावाल्याची सहनशक्ती.

खुर्चीचा इतिहास मला जास्त जवळचा वाटला. घडीची खुर्ची 1930 च्या दशकात अमेरिकेत झाली, ती खाणीत जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्यासाठी त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी खटपट केली म्हणून. 1978 मध्ये मॅरिलिन हॅमिल्टन हँग ग्लायडरवरून पडल्या, त्यांना जड खुर्ची नकोशी झाली, तेव्हा ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांनी त्याच नळ्यांची हलकी खुर्ची करून दिली. ‘क्विकी’ नावाने ती पुढे जगभर गेली. प्रत्येक वेळी बसणाऱ्याच्या शेजारी हात चालणारा कुणीतरी होता. आता आपल्याकडे मद्रास आयआयटीतून निघालेल्या ‘निओफ्लाय’सारख्या मापाच्या खुर्च्या मिळतात, हे चांगलंच आहे. पण पिन झिजल्यावर खुर्ची मद्रासला जात नाही, जवळच्या लेथवर जाते.

रिक्षाचा प्रश्न तर सुटलाच. दादा सीटवर सरकतो, सांगाडा त्याच्या शेजारी, एक चाक माझ्या पायाशी, एक मांडीवर. पहिल्यांदा आम्ही असे उत्तनला गेलो तेव्हा मेस्त्रींनाही घेतलं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात दादा आणि ते तासभर मुरलीकांत पेटकरांवर बोलत होते. पेठ-इस्लामपूरचा गडी, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला, 1972 ला हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. मेस्त्रींच्या बोलण्यात पेटकर जणू त्यांचे चुलतभाऊच. परत निघताना त्यांनी चाक बसवलं आणि सवयीने ओढून पाहिलं.

तो गाळा आता नाही. वसाहत पाडून तिथे टॉवर उठतो आहे. मेस्त्री गावाकडे परतले, त्यांचा पोरगा वसईत स्वतःची दोन मशीनं चालवतो. पिना तो करतो, वडिलांच्याच हिशेबाने पूर्ण पैसे घेऊन.

ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे किंवा येणार आहे त्यांना एवढंच सांगेन. विकत घेण्याआधी लिफ्टचं आणि बाथरूमचं दार टेपने मोजा. चाकं बटणाने निघणारी मागा. पिन दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा आणि टोकाला मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडा. ग्रीस नको, त्यात धूळ धरते. चाक बसवल्यावर बटण न दाबता जोर लावून ओढा. थोडंही हललं तर त्या खुर्चीवर माणूस बसवू नका, आधी लेथवाल्याकडे जा.