मार्च एंडिंग आणि काजूची अंडी

दरवर्षी ऑफिसात कुणीतरी मला "हॅपी गुड फ्रायडे!" म्हणतंच. बिच्चारे प्रेमाने म्हणतात. मग मी समजावते, बाबांनो, त्या दिवशी येशूला क्रुसावर चढवलं, आमचा कडक उपास असतो. हॅपी म्हणायचंच तर दोन दिवस थांबा, रविवारी ईस्टर आहे. पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे ते चॉकलेटची अंडी, ससा वगैरे?" आणि त्याच्या पुढचा, "पण तू इतकं छान मराठी कसं बोलतेस गं?"

अहो, मी वसईची! आमच्या घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मिस्सा मराठीत. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच. ससा मी फक्त मॉलमध्ये पाहिलाय. अंडी मात्र आमच्याकडे असतात. काजूची, मार्झिपानची. मम्मी करायची.

मम्मी गेली ऑक्टोबर २०२३ मध्ये.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, असा तो हिशेब. २०२४ मध्ये हा रविवार आला नेमका ३१ मार्चला. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना यातला विनोद लगेच कळेल. मार्च एंडिंग! एरवी मी वैतागले असते. त्या वर्षी खरं सांगायचं तर हायसं वाटलं. घरात दुःख असलं की आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत. पप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं, "यंदा काही नको." तशी मी सुटलेच होते. त्यात ऑफिसचं निमित्त. रिकाम्या स्वयंपाकघरात बसण्यापेक्षा एक्सेल शीट बरी!

गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेला कशीबशी जाऊन आले आणि शनिवारी सकाळी पुन्हा अंधेरी. एका पार्टीच्या खात्यात चार हजार सहाशे रुपयांचा फरक येत होता. सहा तास शोधला. सापडला नाही. रात्री साडेआठला पप्पांचा फोन.

"मी चर्चला निघतोय. तुझ्यासाठी पण मेणबत्ती घेऊ का?"

मी गप्पच झाले. मम्मी गेल्यापासून पप्पा दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे आणि मिस्सा संपायच्या आत उठून निघून जायचे. वाडीतल्या मोगऱ्याला पाणी घालायचंही त्यांनी सोडलं होतं. आणि आता हा माणूस मला मेणबत्तीचं विचारत होता.

"घ्या," मी म्हटलं. "येते मी."

सरांना सांगितलं, उद्या जमणार नाही, ईस्टर आहे. ते म्हणाले, "अरे, मला वाटलं शुक्रवारीच झालं!"

विरार फास्टला शनिवार असूनही तीच गर्दी. भाईंदरची खाडी लागली आणि वारा आत आला. वसई स्टेशनवरून रिक्षा, आणि सव्वादहाला मी चर्चच्या आवारात.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद करतात. गुरुवारपासून घंटाही वाजलेली नसते. बाहेर अंगणात लाकडं रचून विस्तव पेटवतात आणि सगळा गाव काळोखात त्याच्याभोवती उभा राहतो. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला, आली होती. शेजारच्या आळीत होळी पेटली त्याला जेमतेम आठवडा झाला होता. आता ही आमची आग.

तिच्यावर फादर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात. त्याआधी त्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. मग येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे खोवतात. हीच मेणबत्ती वर्षभर प्रत्येक बाप्तिस्म्याला पेटते. आणि प्रत्येक अंत्यविधीला, शवपेटीजवळ.

मम्मीच्या शवपेटीजवळ २०२३ ची होती. त्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी पूर्ण वेळ ते चार आकडे बघत बसले होते. आणि आता फादर नव्या मेणावर २०२४ कोरत होते. मला एकदम राग आला. इतक्या लवकर? जुनं वर्ष मिटवलं, नवीन खातं उघडलं, झालं?

मोठ्या मेणबत्तीवरून ज्योत पुढच्या माणसाकडे, त्याच्याकडून मागच्याकडे, अशी काळोखातून येत गेली. माझी मेणबत्ती एका सात-आठ वर्षांच्या मुलाने पेटवली. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. मी पप्पांची पेटवली. वाऱ्याने ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा केला. त्या उजेडात दिसलं, त्यांनी दाढी केली होती.

मग जुन्या करारातली वाचनं, आणि ग्लोरियाला एकदम सगळे दिवे आणि सगळ्या घंटा. शुभवर्तमान त्या वर्षी मार्कचं होतं. तीन बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडे निघतात. वाटेत त्यांना एकच काळजी, तोंडावरची ती भली मोठी धोंड कोण सरकवणार? मी हे लहानपणापासून ऐकत आलेय. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या काही आशा-बिशा घेऊन निघाल्या नव्हत्या. मेलेल्या माणसाचं एक काम राहून गेलं होतं, ते करायला निघाल्या होत्या. धोंड सरकलेली आहे हे पोचल्यावर कळलं. तेव्हाही त्या आधी घाबरल्याच.

फादरांनी एका तान्ह्या मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं. ती अशी काही किंचाळली की अख्खं चर्च हसलं. पप्पाही हसले. आणि शेवटपर्यंत बसले.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पप्पांनी दिवा लावला, कपाट उघडलं आणि मम्मीचे रबरी साचे टेबलावर ठेवले. मग काजूची पिशवी.

"कधी आणलेत?"

"गुरुवारी."

"तुम्हीच म्हणालात ना, यंदा काही नको?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "साखर किती घालायची तेवढं सांग."

मला कुठे माहीत? मम्मी कधी मोजायचीच नाही. शेवटी अंदाजाने काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक, थोडं गुलाबपाणी. गोळा कढईची कड सोडेपर्यंत आळीपाळीने ढवळलं. थोडा लागला. साच्यातून निम्मी अंडी तुटकीच निघाली. पहाटे चारला मोजली, एकोणीस. मम्मी पन्नास करायची.

सकाळी शेजारच्या काकूंकडे तीन नेली. त्या दारातच थबकल्या. "यंदा कराल असं वाटलं नव्हतं गं," म्हणाल्या. एक तोंडात टाकलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "साखर जास्त झालीय."

चार हजार सहाशेचा फरक सोमवारी सापडला. एक एंट्री दोनदा पडली होती. नव्या वर्षाची पुस्तकं उघडताना मला ती मेणबत्ती आठवली आणि तो राग जरा निवला. नवीन खातं काही शून्यापासून सुरू होत नाही. मागचं क्लोजिंग जे असतं, तेच पुढचं ओपनिंग. जे शिल्लक आहे ते सगळं सोबत येतं.

मोगऱ्याला आता पप्पा रोज पाणी घालतात. आणि साखर आम्ही मोजून घालतो.