शक्यता आहे!

छंद नाना प्रकारचे असतात. कुणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कुणी जुनी नाणी. आम्ही ढग पाहतो. तिकिटे वहीत राहतात, नाणी पेटीत राहतात. ढग मात्र घटकाभरात पाणी होऊन वाहून जातात. त्यामुळे आमच्या छंदाला घरात फारसा मान नाही!

एप्रिल-मे महिने आले, की पेडण्यातील आम्हां तिघाचौघांचे मंडळ दुपार कलताच जमते. एकाच्या मोबाईलवर पणजीच्या वेधशाळेतील डॉपलर रडारचे चित्र असते. दुसरा वाऱ्याची दिशा पाहतो. तिसऱ्याची नजर पूर्वेला सह्याद्रीवर खिळलेली. तिन्ही साक्षी जुळल्या, तरच आम्ही तोंड उघडतो. उन्हाने जमीन तापते, समुद्रावरचा दमट वारा आत शिरतो, घाटाच्या चढणीवर वर लोटला जातो आणि माथ्यावर फुलकोबीसारखे ढग उभे राहतात. वरच्या थरांतील वारा पूर्वेचा असला, तर तेच ढग सायंकाळी समुद्राकडे सरकू लागतात. डिचोलीचे आमचे एक स्नेही ‘इकडे काळोख दाटला’ असे फोनवरून कळवितात, तेव्हा आमच्या अंगणातील सोले घाईघाईने घरात येतात.

‘गुरुजी, आपल्याकडे टॉर्नेडो होईल का?’ हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न. चित्रपटांतून तो सोंडेसारखा लोंबणारा वारा त्यांनी पाहिलेला असतो. त्यासाठी खाली उष्ण दमट हवा, वर कोरडी थंड हवा, आणि उंचीबरोबर वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलणे, असा योग जुळावा लागतो. अमेरिकेच्या मैदानांत तो वारंवार जुळतो. आपल्या बाजूलाही तो अगदीच अपरिचित नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात टॉर्नेडो झाला. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात एकाच टॉर्नेडोने सुमारे १३०० माणसांचा बळी घेतला. गोव्यात तो योग दुर्मिळ. मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळून गेलेले ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ होते. त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा, टॉर्नेडोचा सहसा फार तर एखाददुसऱ्या किलोमीटरचा. आपल्याला खरे भय आहे ते विजेचे, आणि वळवाच्या ढगातून एकाएकी खाली कोसळणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याचे.

आगरवाड्याचे एक मिठागरवाले गृहस्थ आम्हांला वाटेत गाठतात. ‘मास्तर, फाल्यां पावस पडतलो?’

‘शक्यता आहे,’ आम्ही म्हणतो.

‘शक्यता, शक्यता! हो म्हणा, नाही तर नाही म्हणा!’ ते त्रासून उद्गारतात.

त्यांचा त्रागा खोटा नव्हे. उन्हातान्हात राबून काढलेली मिठाची रास एका सरीत विरघळते. पण ढगाच्या वतीने वचन देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एवढेच सांगतो, की रास झाकायला तासाभराची मेहनत लागते. न झाकली आणि पाऊस आला, तर हंगामाची मेहनत जाते. मग पावसाची शक्यता तीनांत एक असली, तरी झाकणेच शहाणपणाचे. पाऊस हुकला, तर मेहनत वाया गेली असे समजू नये.

मिठाची ही कथा, तर माणसाची काय वर्णावी? याच दिवसांत काजूच्या डोंगरांवर बोंडू गोळा करणारी माणसे उघड्यावर असतात. विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. मोबाईल नसला, तर कान आहेतच. वीज चमकताच अंक मोजू लागावे. ध्वनी एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. तीस मोजण्यापूर्वी गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा झाडाखाली उभे न राहता पक्क्या घरात शिरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या मंडळात अवश्य या. वर्गणी नाही. नियम एकच: आकाशात पहिला गडगडाट झाला, की सभा तहकूब, आणि घरी जाताना डोंगरावरच्या माणसाला हाक घालून जायचे.