आधी काळभैरव

मे महिन्यात आठ दिवस हरिहरेश्वरला घरी होतो. बाबांच्या माघारी वाडीचा हिशेब माझ्याकडे आलाय. नारळ किती उतरले, सुपारी किती गेली, मजुरी किती दिली... सगळं साध्या टेक्स्ट फायलींत, आणि त्यावर गिट. (हसू नका मंडळी, मीच बाबांना शिकवलं होतं!) लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम प्रत्येक बदल कोणी, कधी केला ते लक्षात ठेवतो. बाबांना एवढंच हवं होतं.

लॅपटॉपवरचं गिट २०२१ चं. नवं टाकायला घेतलं तर आई म्हणाली, "त्यांचं लिहिलेलं पुसलं नाही ना जाणार रे?"

पूर्वी एका नोकरीत मी 'स्वच्छ सुरुवात' म्हणून होम फोल्डरच उडवला होता. नाव, ईमेल, वर्षानुवर्षं जमवलेले शॉर्टकट, सगळं गेलं. त्यामुळे या वेळी गावच्या रीतीने गेलो. आमच्याकडे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव.

आधी अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी केला. मग 'गिट कॉन्फिग'ला 'लिस्ट' आणि 'शो-ओरिजिन' जोडून सेटिंग्जची यादी काढून ठेवली. कुठली सेटिंग कुठल्या फायलीतून येते ते त्यात दिसतं. आपली सेटिंग्ज होम फोल्डरात असतात, त्या-त्या कामाची त्या कामाच्या फोल्डरात. नवं गिट यांना हात लावत नाही. जपायचं ते गिटच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फायलीला. विंडोजवर टाकताना ओळींच्या शेवटाबद्दल वगैरे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं पूर्वीसारखीच द्यायची. जुनं आधी काढून टाकायचीही गरज नाही.

टाकलं. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून आणलेली डिस्क लावली, आणि गिट म्हणे, या फोल्डरची मालकी संशयास्पद आहे! पोटात गोळाच आला. पण काही गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या फोल्डरातली सेटिंग्ज आपल्या मशीनवर भलतंच काही चालवू नयेत म्हणून एप्रिल २०२२ पासून गिट मालक तपासतं. फोल्डर विश्वासाचा आहे असं एकदा सांगायचं. कसं, तेही तिथेच लिहून येतं. वारसनोंद व्हायची राहिली म्हणून जमीन थोडीच जाते?

पुन्हा यादी काढली, जुनीशी ताडली. ती एक नवी ओळ सोडली तर सगळं जसंच्या तसं. मग पहिल्यांदाच नीट वाचली. त्या फोल्डरापुरतं नाव बाबांचं लावलेलं होतं. म्हणजे ते गेल्यापासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी त्यांच्याच नावावर!

बराच वेळ तसाच बसलो. इतकं जपून ठेवलेलं ते एक सेटिंग मग मीच बदललं. जुन्या नोंदींना हात लावला नाही.

आईला सांगितलं, काही पुसलं नाही. ती म्हणाली, "मग कालचे नारळ लिही."

लिहिले. माझ्या नावाने.