निरामिष

एकच शब्द दोन भाषांत नांदावयास गेला की दोन निरनिराळ्या सासरी दिलेल्या जुळ्या बहिणींसारखी त्याची वळणे पालटतात. 'आमिष' हा असाच एक शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ मांस असाही आहे आणि भुलविण्यासाठी पुढे टाकलेले भक्ष्य असाही आहे. मराठीने नित्याच्या बोलण्यात दुसरा अर्थ जवळ केला, बंगालीने पहिला. त्यामुळे १९८६ च्या जूनमध्ये बदलीचा हुकूम घेऊन आम्ही मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बहरमपूर येथे दाखल झालो आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच भेटीत "आपण निरामिष काय?" असे विचारले, तेव्हा आम्ही चपापलो. हिशेबतपासणीच्या खात्यातील माणसाला हा प्रश्न म्हणजे आपल्या सचोटीची चौकशी वाटावी यात नवल नाही. आम्ही छाती किंचित पुढे काढून "अर्थात! आजवर तरी" असे उत्तर दिले. त्यांनी मोठ्या करुणेने आमच्याकडे पाहिले. त्या करुणेचा उलगडा व्हावयास आम्हांला दोन दिवस लागले.

हे गृहस्थ शाळेतून इतिहासाचे अध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. सारा पाडा त्यांना मास्टरमोशाय म्हणे. आम्ही मराठी हे कळताच "म्हणजे बर्गी!" म्हणून ते मनमुराद हसले. १७४२ पासूनच्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगालने अंगाईगीतात जपून ठेवली आहे, हे आम्ही ऐकून होतो. परंतु अलिवर्दीखानाने १७४४ साली भास्करपंत कोल्हटकरांना बोलणी करण्याच्या निमित्ताने ज्या मनकऱ्यास बोलावून सरदारांसह ठार मारले, ते ठिकाण याच परिसरातले, हे त्यांनीच सांगितले. "चौथाईचे आमिष होते, तुमचे पंडित गळाला लागले," असे म्हणून त्यांनी आपली छिप, म्हणजे गळाची काठी, भिंतीवरून उतरविली आणि ते पुकुराकडे चालू लागले.

आमची जागा आणि त्यांचे घर यांच्या मधोमध तो पुकुर होता. बंगाल्यात तळ्याला पुकुर म्हणतात, आणि घरापाशी तो नसला तर माणसाला अंगणच नाही असे समजतात. मास्टरमोशायांची निवृत्ती त्याच्या काठी सुखाने चालली होती. आम्ही वाईचे, कृष्णेच्या घाटावर लहानपणी चुरमुरे टाकून माशांची झुंबड पाहिली, एवढाच आमचा माशांशी संबंध. पण परगावी संध्याकाळ मोठी लांब असते, हे बदलीवर गेलेल्यांना सांगावयास नको. कार्यालयातून आलो की आम्हीही काठावर बसू लागलो. मासे धरण्यात आम्हांला गोडी नव्हती. मास्टरमोशायांचे पाककौशल्य मात्र आम्ही डोळे विस्फारून पाहत असू.

पाककौशल्य हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पाण्यात टाकून मासे जमवावयाचे ते 'चार', आणि प्रत्यक्ष गळाला लावावयाचे ते 'टोप', अशी दोन पक्वान्ने असत. रुई-कातला या घरंदाज माशांसाठी ते भाजलेली मेथी, वेखंड, एकांगी नावाची सुवासिक मुळी आणि मोहरीची पेंड एकत्र कुटीत. तो वास एखाद्या वैद्याच्या दुकानासारखा असे. मागुर आणि शिंगी यांच्यासाठी निराळा बेत. मोहरीची पेंड तीन दिवस पाण्यात आंबवावयाची, तीत तांदळाचा कोंडा आणि सुकटीची पूड घालावयाची. आणि मग जो दर्प उठे त्याचे वर्णन या पृष्ठांवर न केलेलेच बरे. आमच्या मंडळींनी त्या दिशेची खिडकी पावसाळाभर उघडली नाही.

"एवढी दुर्गंधी कशाला?" आम्ही एकदा विचारले.

"दुर्गंधी तुम्हांला. मागुराला विचारा," ते म्हणाले.

मागुराला विचारण्याजोगेच पुष्कळ आहे. त्याच्या अंगावर खवले नाहीत. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात आणि त्या मिशा म्हणजे शोभा नव्हे, जिभाच होत. या कुळातील माशांना केवळ तोंडातच नव्हे, मिशांवर आणि सर्वांगाच्या त्वचेवर रुची घेणाऱ्या कळ्या असतात. अमेरिकेतील एका जातीच्या अंगावर त्यांची संख्या लाखाहून अधिक भरते. गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला, डोळ्यांचा उपयोग नसतो तेव्हा हा प्राणी सर्वांगाने चव घेत पुढे सरकतो. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची त्याची खास सोय असल्याने तो पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतो आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे तळे गाठतो. मागुराच्या या बदल्यांना प्रवासभत्ता मिळत नाही, एवढाच आमच्यात आणि त्याच्यात फरक.

चार मळण्याचे मर्म मास्टरमोशायांनी हळूहळू उघड केले. तेलाचा तवंग वर तरंगतो, तळाशी बसलेल्या माशापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ते पाण्यात विरघळणारे. म्हणून गोळा फार घट्ट नको, नाही तर त्याची चव पाण्यात उतरत नाही. फार सैल नको, नाही तर पडताच फुटून जातो. टोपासाठी कणिक मळताना तीत कापसाचे चार तंतू घालावेत, म्हणजे ती गळ धरून राहते. नाहीतर सरळ गांडूळ लावावे, त्याला तोड नाही. हे सर्व झाल्यावर ते वाकून पुकुराच्या काठची मूठभर चिखलमाती घेत आणि चारात मिसळीत. "परक्या वासाने मासा बिचकतो," ते म्हणत. "त्याच्याच तळ्याची माती घातली की त्याला वाटते, हे आपलेच."

ही विद्या आमच्या कामी येईल असे स्वप्नातही नव्हते. पण भाद्रपदात आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, परंतु अन्न म्हणून पोटात जाईना. दूध समोर आणले की ती तोंड फिरवी. मुगाचे कढण, भाताची पेज, सारे परत जाई. हात हातात घेतला तर हाडेच लागत. डॉक्टर म्हणाले, जिओल माछेर झोल द्या. जिओल म्हणजे मडक्यातल्या पाण्यात जिवंत ठेवता येणारे मासे, मागुर आणि शिंगी. त्यांचा पातळ रस्सा हे बंगाली घरांतले आजाऱ्याचे परंपरागत पथ्य आहे. आमच्या घरात तोवर अंडेदेखील आले नव्हते.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो नाही. शेवटी मंडळीच म्हणाल्या, "अहो, माझे व्रत माझे, तिचे पोट तिचे. उद्या मास्टरमोशायांना सांगा." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "पण चूल परसात मांडीन. आणि शिजवीन मी."

बाजारात जिवंत मासे मिळत होते. परंतु मास्टरमोशायांना ते मानवेना. कुठल्या पाण्यातले कोण जाणे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्वतः ते आंबलेले चार दोन्ही हातांनी मळले. ज्या दर्पाला आम्ही महिनाभर नाक मुरडले होते, तो त्या दिवशी आम्हांला जाणवलाही नाही. अंधार पडता पडता फातना, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, एकदा थरथरली आणि तिरपी होऊन बुडाली. एक मागुर मिळाला, मग एक शिंगी. ती गळावरून सोडविताना उतावळेपणाने आम्ही तिला मुठीत धरले आणि तिच्या पंखाजवळचा विषारी काटा आमच्या तळहातात शिरला. कळ खांद्यापर्यंत गेली. मास्टरमोशायांनी सोसवेल तितक्या कढत पाण्यात हात बुडवून ठेवविला. तासाभराने वेदना उतरली. ते एवढेच म्हणाले, "निरामिष माणसाची सलामी."

त्यांच्या पत्नीने माशाला राख चोळून बुळबुळीतपणा काढून दिला आणि कृती सांगितली: कच्ची केळी, आले, जिरे, किंचित हळद. आमच्या मंडळींनी पदर नाकाला न लावता तो झोल रांधला. वाटी मुलीपुढे नेली. तिने वास घेतला आणि भिंतीकडे तोंड केले. "मा, एक चमचा," मास्टरमोशाय दारातून म्हणाले. बंगाल्यात वडील माणसे लहान मुलीलाही आई म्हणून हाक मारतात. ती हलली नाही. तिघेही स्तब्ध उभे राहिलो.

मग आमच्या मंडळी उठून आत गेल्या. फळीवरच्या बरणीत सासरहून आलेली आमसुले होती. त्यांतली दोन त्यांनी त्या झोलात सोडली, वर मिरपूड टाकली, आणि परसातल्या चुलीवर एक उकळी आणली. आमसुलाच्या साराचा तो वास, वाईच्या स्वयंपाकघराचा, आजीच्या पंगतीचा, त्या परक्या खोलीत पसरला. मुलीने मान वळविली. "सार आहे?" तिने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. तिने अर्धी वाटी संपविली.

मास्टरमोशायांनी बाहेर येऊन चष्मा पुसला. "बौमाला मी काही शिकविले नव्हते," ते म्हणाले. "माती कुठली घालायची ते तिला ठाऊक होते."

पूजेचे ढोल वाजू लागले तेव्हा मुलगी पुकुराच्या काठी चालत आली होती. आमच्या मंडळींनी स्वतः तो रस्सा कधी चाखला नाही. पण खिडकी उघडली.

१९८९ साली आम्हांला बढती मिळाली, आणि नेमणूक पुण्यास. हुकुमाचा कागद आम्ही आनंदाने मास्टरमोशायांना दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला. पुकुराकडे पाहत ते म्हणाले, "उत्तम मळला आहे. तुमच्याच तळ्याची माती घातली आहे." आम्ही हसलो, आणि पंधरा दिवसांत सामान बांधले.

आता मास्टरमोशाय नाहीत. आम्ही आपल्या तळ्यात आहोत, तेव्हा तक्रार करावयास जागा नाही. तरी घरात आमसुलाचे सार उकळू लागले की आम्हांला वाई आठवत नाही; परसातली ती चूल आठवते आणि तळहातावरच्या जुन्या व्रणाकडे दृष्टी जाते. आपण निरामिष काय, असे आज कोणी विचारले तर "अर्थात" म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.