टेस्टिंगचा रकाना

2010 च्या आसपास पुण्याच्या हिंजवडीत ज्यांनी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, त्यांना स्क्रमची, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीची, भिंत नक्की आठवत असेल. क्युबिकलांच्या टोकाला एखादा पांढरा फळा, नाहीतर नुसतीच भिंत. त्यावर रंगीत टेपने आखलेले चार रकाने: करायचं आहे, चालू आहे, टेस्टिंग, झालं. त्यांत पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिठ्ठ्या. चिठ्ठीवर स्टोरीचं, म्हणजे एका छोट्या कामाचं नाव, कोपऱ्यात त्याच्या आकाराचे पॉइंट, खाली ज्याच्याकडे काम आहे त्याची आद्याक्षरं. अक्षरावरूनच कळायचं कोणी लिहिलंय ते. एसीच्या वाऱ्याने चिठ्ठ्या सुटायच्या आणि रात्रीतून दोन-चार खाली पडायच्या. सकाळी सफाईच्या मावशी त्या गोळा करून आमच्या टेबलावर ठेवून द्यायच्या. "ताई, खाली पडल्या होत्या बघा. एकपण टाकली नाही मी." मग कोणती चिठ्ठी कोणत्या रकान्यातली, हे ठरवण्यात स्टँडअपची, म्हणजे रोज सकाळच्या उभ्या बैठकीची, पहिली काही मिनिटं जायची.

मी टेस्टर होते, त्यामुळे त्या भिंतीचा तिसरा रकाना मला सगळ्यात जास्त आठवतो. स्प्रिंट, म्हणजे कामाची एक फेरी, दोन आठवड्यांचा. पहिला आठवडाभर तो रकाना जवळजवळ मोकळा असायचा. 'चालू आहे' मात्र पहिल्याच दिवशी भरून जायचा, कारण प्रत्येक डेव्हलपरने एकेक स्टोरी उचललेली असायची, काहींनी दोन. ते बघून वरच्यांना बरं वाटायचं. कोणीही रिकामं बसलेलं नाही ना! आम्ही तोवर टेस्ट केस लिहायचो, डेटा तयार करायचो, वाट बघायचो. दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी बिल्ड यायचं आणि सात-आठ चिठ्ठ्या एकदम आमच्या रकान्यात येऊन पडायच्या. शुक्रवारी डेमो. गुरुवारची रात्र मग कँटीनमधल्या मॅगीवर आणि चहावर निघायची, रात्रीच्या शेवटच्या कॅबने घर. बग सापडला की डेव्हलपरला आठवडाभरापूर्वी लिहिलेला कोड नव्याने वाचून समजून घ्यावा लागायचा, कारण मधल्या काळात तो दुसऱ्या स्टोरीत बुडालेला असायचा. शिल्लक काम दाखवणाऱ्या बर्नडाउन चार्टची रेघ आठ-नऊ दिवस आडवी चालायची आणि शेवटच्या दोन दिवसांत धाडकन खाली यायची. जे राहिलं ते पुढच्या स्प्रिंटला, आणि पुढच्या स्प्रिंटलाही हेच.

तरीही त्या दिवसांवर माझी मनापासून माया आहे. आमच्या आधीच्या लोकांनी सहा-सहा महिने वाट बघून शेवटी एकदाच टेस्टिंग केलेलं होतं. जेफ सदरलंड आणि केन श्वेबर यांनी 1995 मध्ये मांडलेल्या स्क्रमने ती वाट दोन-चार आठवड्यांवर आणली, ही लहान गोष्ट नव्हती. सकाळी सगळे त्या भिंतीपुढे अर्धगोल करून उभे राहायचे. टेस्टिंग पूर्ण झालं की चिठ्ठी उचलून 'झालं'मध्ये लावायचा मान टेस्टरचा. तो कागद हाताने उचलून दुसरीकडे चिकटवण्यात जे समाधान होतं, ते माउसने कार्ड सरकवताना आजही मिळत नाही.

खरं म्हणजे आमच्या दुखण्यावरचं औषध तेव्हाही फार लांब नव्हतं. भोसरी, चाकण, पिंपरी इथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत कानबानची कार्डं फिरत होती. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटच्या पद्धतीवरून ही व्यवस्था उभी केली. तिचा गाभा सोपा आहे: पुढच्याने माल उचलला की कार्ड मागच्याकडे येतं, आणि कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवा माल करायचा नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका अशाच कारखान्यांत नोकरीला होते. घरात जेवताना हा शब्द कानावर पडलेला, आणि ऑफिसात मात्र आम्ही एकमेकांच्या पुढ्यात काम ढकलत होतो. हे दोन धागे जुळायला हवे होते आणि जुळले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

ते जुळले हैदराबादच्या एका टीमच्या कामात. नव्या मुलांना मी ही हकीगत आवर्जून सांगते. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या एका आयटी विभागाची जुनी अंतर्गत सॉफ्टवेअर सांभाळण्याचं काम हैदराबादच्या लोकांकडे होतं. कागदोपत्री त्यांची प्रक्रिया अव्वल, माणसं हुशार, आणि तरी एखादा बदल मागितला की तो हातात पडायला सरासरी पाच महिने लागायचे. ड्रॅगोस दुमित्रिऊ हे नवे मॅनेजर आले आणि डेव्हिड अँडरसन त्यांच्या मदतीला होते. त्यांनी आधी बघितलं की वेळ जातो कुठे. प्रत्येक नव्या मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज लगेच द्यायचा, असा नियम होता. अंदाज काढण्यात डेव्हलपर आणि टेस्टर यांच्या वेळेचा मोठा हिस्सा खर्ची पडत होता, आणि अंदाज काढलेल्या कित्येक मागण्या पुढे कधी हातात घेतल्याच जात नव्हत्या. तो नियम बंद झाला. एका वेळी किती कामं हातात असतील याला मर्यादा घातली; जागा झाली की मगच रांगेतलं पुढचं काम आत. पुढे डेव्हलपर आणि टेस्टर यांचं प्रमाणही बदललं. कोणालाही जादा वेळ थांबायला न लावता पाच महिन्यांचे दोन आठवडे झाले. अँडरसन यांनी 2010 मध्ये 'कानबान' या पुस्तकात हे सविस्तर लिहिलं. म्हणजे आम्ही हिंजवडीत गुरुवारच्या रात्री जागवत होतो, त्याच्या पाच-सहा वर्षं आधीच आपल्यासारख्याच लोकांनी हे करून दाखवलेलं होतं.

मग स्क्रमवाल्यांनीही ते आपलंसं केलं. कोरी लाडास यांचं 'स्क्रमबान' 2009 चं. स्क्रम डॉट ऑर्गने 2018 मध्ये स्क्रम टीमसाठी कानबानची वेगळी मार्गदर्शिकाच काढली. तिने स्प्रिंट, डेमो, स्प्रिंटअखेरची आढावा बैठक म्हणजे रेट्रो, काहीही काढून घेतलं नाही. चालू काम किती, एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती दिवस लागले, आठवड्याला किती कामं संपली आणि अजून न संपलेल्या कामाचं वय काय, एवढ्या चार गोष्टींवर नजर ठेवा, असं सांगितलं. चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बाकीच्यांपैकी बरंच काही काम संपल्यावर कळतं. वय मात्र काम हातात असतानाच सांगतं की हे अडकलंय, आज बघा.

आज आमच्या बोर्डवर टेस्टिंगच्या रकान्यावर तीनचा आकडा आहे. चौथं कार्ड आत घ्यायचं नाही, हा आमचा नियम. घरात पोळ्या करताना तवा एकच असेल, तर लाटणारीने दहा पोळ्या लाटून ठेवून काय उपयोग? त्या एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा लाटाव्या लागतात. लाटणं थांबवून तव्याकडे बघणं हेच तिथे काम असतं. पण हे डेव्हलपरांना पटायला वेळ लागला. आपलं कोडिंग झालंय, पुढची स्टोरी समोर दिसतेय, आणि तरी उचलायची नाही, यात सुरुवातीला त्यांना कमीपणा वाटायचा. मग एकदा रकाना भरलेला असताना एक तरुण डेव्हलपर माझ्या शेजारी येऊन बसला. विम्याच्या नूतनीकरणाची स्टोरी होती. ती तपासायला आधी मुदत संपलेली पॉलिसी लागते, आणि तसा ग्राहक तयार करायला मला दर वेळी पाच स्क्रीन भरावे लागत, तारखा मागे न्याव्या लागत, मग रात्रीचा बॅच जॉब होईपर्यंत थांबावं लागे. त्याने ते बघितलं, दुपारी एक लहान स्क्रिप्ट लिहिली, आणि रात्रभराचं काम काही मिनिटांत व्हायला लागलं. इतकी वर्षं टेस्टर ते स्क्रीन भरत होते आणि एकाही डेव्हलपरला ते दिसलेलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी काम 'टेस्टिंगला टाकलं' की संपलेलं असायचं.

आकड्यांचा हिशेबही हेच सांगतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. टीम आठवड्याला चार कामं संपवत असेल आणि हातात बारा असतील, तर एका कामाला सरासरी तीन आठवडे लागणार. त्याच वेगात हातात सहाच ठेवली, तर दीड आठवडा. जास्त राबायला नको, फक्त कमी सुरू करायचं. प्लॅनिंगमध्ये हे मी दर वेळी मांडते, कारण वरून दबाव आला की सगळ्यात आधी याचाच विसर पडतो.

स्टँडअपही बदलला. पूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. सगळे आपापली हजेरी लावायचे आणि मधेच एखादी चिठ्ठी चार दिवस जागची हललेली नसायची, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. स्क्रम गाइडने 2020 मध्ये ते तीन प्रश्न वगळले. आम्ही आता बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. संपायला सगळ्यात जवळ आलेलं काम आधी, आणि तेही कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. जो नवखा पूर्वी तीन प्रश्नांना घाबरून काहीतरी पुटपुटायचा, तो आता निःसंकोच सांगतो की हे कार्ड सहा दिवस इथेच आहे, मला कोणीतरी हवंय.

एका बाबतीत मात्र मला जुनं तेच चांगलं वाटतं, आणि ते मी ठामपणे म्हणते. मार्च 2020 मध्ये ऑफिसं बंद झाली, सगळं जिरा या सॉफ्टवेअरमधल्या बोर्डवर गेलं आणि भिंत संपली. कागदाच्या भिंतीवर जागाच मोजकी होती. रकाना गच्च झाला की येता-जाता प्रत्येकाला दिसायचा, मॅनेजरला, शेजारच्या टीमला, मावशींनासुद्धा. स्क्रीनवर कितीही कार्डं मावतात. मर्यादा ओलांडली की रकाना लाल होतो, पण अडवत काहीच नाही, आणि दोन दिवसांत डोळ्यांना त्या लालची सवय होते. नियम आजचे आणि भिंत तेव्हाची, असं आम्हाला मिळायला हवं होतं. ऑफिसला येण्याच्या दिवशी मी मीटिंग रूममधल्या मोठ्या टीव्हीवर दिवसभर बोर्ड उघडा ठेवायला लावते. भिंतीची सर त्याला नाही, पण लोक थांबून बघतात.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो शेवटून दुसऱ्या रकान्यावरून: क्लायंटची मंजुरी. काम आमच्याकडून झालेलं असतं, तिकडे कोणी बघायला मोकळं नसतं, आणि कार्डं तिथे दहा-दहा दिवस बसून राहतात. टीममधल्या काहींचं म्हणणं, तो रकाना आपल्या हातात नाही, त्यावर मर्यादा घालून काय होणार? माझं म्हणणं, तिथेच आकडा घाला. रकाना भरला की नवीन स्टोरी सुरू करायची नाही, आणि का केली नाही ते क्लायंटला त्याच दिवशी, कार्डांच्या वयासकट दाखवायचं. पुढच्या रेट्रोत हा विषय मी घेणार आहे, आणि या वेळी क्लायंटकडच्या माणसांनाही त्यात बोलावलंय.