विहीणबाईंचा आलिगो

फ्रान्सला जाऊन आले असे सांगितले की लोक पहिल्याने आयफेल मनोऱ्याची चौकशी करतात. तो मी पाहिला. टॅक्सीच्या खिडकीतून, पावसात, आणि अर्धाच. वरचा अर्धा ढगात होता. ‘ह्यां’नी तेवढ्यात त्याचे दोन फोटो काढले आणि दोन्हींत टॅक्सीवाल्याचा कान आला. पण आमचा मुक्काम पॅरिसला नव्हताच मुळी. आम्ही निघालो होतो लेकीच्या सासरी. आणि लेकीचे सासर म्हटले की, मग ते सासवडला असो की फ्रान्सच्या पोटात असो, आईच्या पोटात जो गोळा उठतो तो एकाच मापाचा असतो.

लेक आणि जावई दोघेही क्लेर्मों-फेराँ या शहरात नोकरी करतात. या गावाच्या डोक्यावर विझलेल्या ज्वालामुखींची रांग उभी आहे आणि गावातले मोठे देऊळ, म्हणजे कॅथीड्रल, काळ्याभोर दगडाचे आहे. मला ते पाहून एकदम घरी आल्यासारखे वाटले. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचेच तर आपले सगळे गडकिल्ले! पण सासर खरे तिथले नव्हे. ते तिथून दक्षिणेला मोटारीने दोनेक तासांवर, ओब्राकच्या पठारावर. तिथे जावईबुवांच्या आई एकट्या राहतात. शेत आणि गाई थोरल्या मुलाने सांभाळायला घेतल्या आहेत. विहीणबाईंनी स्वतःकडे घर, परसातल्या कोंबड्या आणि स्वयंपाकघर एवढे ठेवले आहे. म्हणजे मुख्य सत्ता त्यांच्याचकडे आहे.

या विहीणबाई चार वर्षांपूर्वी पुण्याला लग्नाला आल्या नव्हत्या. फेब्रुवारीत गाई वितात, गोठा सोडता येत नाही, असे त्यांनी कळवले होते. आमच्या नणंदबाईंनी त्यावर जे काय म्हणायचे ते मांडवातच म्हणून घेतले. मला त्याचे एवढे वाटले नाही. वाटत होते ते निराळेच. फ्रेंच भाषेत आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. जवळच्या माणसाला ‘त्यु’, परक्याला किंवा मोठ्याला ‘वू’. लेक एकदा फोनवर सहज बोलून गेली, “अगं आई, त्या मला अजून ‘वू’च म्हणतात.” बोलली हसत; पण मी तिची आई आहे, ते हसणे मला कळते. आपल्याकडे सासू सुनेला ‘अगं’ म्हणते, रागावली तर आणखी काही म्हणते. पण चार वर्षे ‘अहो सूनबाई, आपण जरा बाजूला होता का?’ असे बोलणारी सासू मनात काय धरून बसली असेल, तुम्हीच सांगा!

मे महिना संपत आला होता. पुण्यात लोक घामाने निथळत होते आणि इथे आम्ही स्वेटरवर शाल घेऊन. ओब्राक म्हणजे आवेरों, लोझेर आणि कांताल या तीन जिल्ह्यांच्या शिवेवरचे उघडेबोडके पठार. सर्वांत उंच टेकाड १४६९ मीटरचे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या बरोबरीला येणारे. पण महाबळेश्वरची झाडी इथे नाही. जिकडे पाहावे तिकडे गवत, गवतात दगड रचून केलेले बांध, आणि दूरवर एखादी दगडी झोपडी. तिला ‘ब्युरों’ म्हणतात. पूर्वी उन्हाळाभर गुराखी तिथेच राहात आणि दुधाचे चीज तिथेच करीत. आता बहुतेक ब्युरों ओस आहेत. काहींत जेवणाची हॉटेले निघाली आहेत.

२५ मेच्या सुमाराला गाई खालच्या गोठ्यांतून वर कुरणावर जातात आणि १३ ऑक्टोबरच्या सुमाराला परत उतरतात. ती वर जाण्याची मिरवणूक आम्ही पाहिली. शिंगांना फुले, डोक्यावर निशाणे, गळ्यात ही थोरली घंटा! ‘हे’ म्हणाले, “अहो, हा तर आपला पोळा!” बैलांचा नव्हे, गाईंचा, एवढेच. आणि काय त्या गाई! गव्हाळ रंग, वर वळलेली काळ्या टोकांची शिंगे, आणि डोळ्यांभोवती काळी कड. जणू आत्ताच कोणी काजळ घालून पाठवल्या आहेत.

या पठारावरून एक वारीची वाटही जाते. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू ल प्वी या गावाहून निघतात आणि ओब्राक ओलांडून पुढे जातात. सगळा रस्ता सुमारे १५०० किलोमीटरांचा. आजही पाठीवर पिशवी आणि पिशवीला शिंपला लावलेली माणसे नासबिनाल गावातून जाताना दिसतात. पूर्वी इथे बर्फात, धुक्यात माणसे वाट चुकत आणि मरत. म्हणून ११२०च्या सुमाराला आदालार नावाच्या एका फ्लेमिश सरदाराने ओब्राकला मठ आणि धर्मशाळा बांधली. धुके पडले की मठातली घंटा वाजवीत राहात, की चुकलेल्याने त्या आवाजाच्या रोखाने यावे. आलेल्याला मठात गरम काहीतरी मिळे: पाव आणि ताजे चीज एकत्र शिजवून घोटलेले. यात्रेकरू लॅटिनमध्ये ‘काहीतरी द्या’ म्हणत, त्या ‘आलिक्विद’वरून पदार्थाचे नाव ‘आलिगो’ पडले, असे इथले लोक सांगतात. कोशकारांना ही व्युत्पत्ती पटत नाही. पण कोशकारांनी थंडीत उपाशीपोटी तो रस्ता चालून पाहावा! पुढे १९व्या शतकात पावाच्या जागी बटाटा आला आणि आजचा आलिगो झाला.

तर जेवणाचा बेत असा ठरला: आलिगो विहीणबाईंचा, कोंबडी माझी. बेत लेकीने ठरवला आणि दोघींना स्वतंत्रपणे सांगितला. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन विहिणी! जावईबुवा त्या दिवशी भावाच्या गोठ्यात फार वेळ रमले, ते उगाच नव्हे.

माझे माहेर कोल्हापूरचे, सासर पुण्याचे. माहेरी कोंबडीत गोड घातले तर आईने घराबाहेर काढले असते, आणि सासरी आमटीत गूळ विसरले तर सासूबाईंनी. तीस वर्षांच्या संसारात माझी कोंबडी त्यामुळे तिखट-गोड झाली आहे. बरोबर घरचा कांदा-लसूण मसाला नेला होता, तीन पिशव्यांत बांधून. तरी ‘ह्यां’चे सगळे सदरे पुढचे पंधरा दिवस दरवळत होते. कोंबडी विहीणबाईंच्या परसातली, चांगली दोन किलोंची, मोकळी हिंडलेली. असल्या कोंबडीला घाई करून चालत नाही. हळद, मीठ, आले-लसूण लावून तुकडे तासभर ठेवले. कांदा तपकिरी होईपर्यंत परतला, सुके खोबरे आणि तीळ कोरडे भाजून त्यातच वाटले, वर तीन मोठे चमचे मसाला. मग झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा तास. गूळ नव्हता, ओट्यावर मधाची बरणी होती. मध आधी घातला तर तळाला लागतो आणि कडवटतो, म्हणून अगदी शेवटी दोन चमचे, आणि चिंचेऐवजी एका लिंबाचा रस. विहीणबाई हे सगळे हाताची घडी घालून पाहात होत्या. ठसका लागला तेव्हा त्यांनी खिडकी उघडली. बोलल्या मात्र काही नाहीत.

मग त्यांची पाळी. आलिगोला पिठूळ बटाटे लागतात, चिकट नव्हेत. एक किलो बटाट्यांना चारशे ग्रॅम ‘तोम’, पेलाभर साय, लोण्याचा गोळा, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या. तोम म्हणजे पुरते चीज झालेले नसते. दुधाला विरजण आणि रेनेट लावून जो दही-गोळा होतो तो दाबून पाणी काढायचे आणि थोडा आंबू द्यायचा. मीठ नाही, मुरवण नाही. हाच गोळा पुढे कुस्करून, मीठ लावून, महिनोन् महिने मुरवला की त्याचे लागियोल चीज होते. (लिहायचे लागियोल आणि म्हणायचे ‘लायोल’, इथल्या लोकांना ‘ग’ने काय दुखवले आहे कोण जाणे.) ब्युरोंतले चीज नाहीसे होणार अशी वेळ आली तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी १९६०मध्ये लागियोलला सहकारी संस्था काढली आणि ते टिकवले. आपल्या साखर-दूध संघांच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बटाटे उकडून, गरम असतानाच घोटून, त्यात साय-लोणी-लसूण घातले. मग तोमचे पातळ काप एकदम. इथून पुढे खरे काम. लाकडी उलथन्याने तळापासून उचलायचे, वर ओढायचे, दुमडायचे, पुन्हा उचलायचे. आच बेताची हवी. फार तापले तर तूप सुटते आणि तार तुटते. थंड राहिले तर तार धरतच नाही. आपला पाक जमतो तसेच हे, क्षणाचा खेळ. बारा-पंधरा मिनिटांत तो गोळा उलथन्यावरून हातभर लांब लोंबू लागला, रेशमासारखा. विहीणबाईंनी तो डोक्याच्या वर नेला तरी तुटेना!

आणि तेवढ्यात त्यांचा खांदा धरला. सत्तरी उलटलेले हाड, आणि सहा माणसांचे जड पातेले. थांबले की संपले. आलिगो कोणासाठी थांबत नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि उलथने माझ्या लेकीच्या हातात दिले. “तूर्ने! तूर्ने!” म्हणाल्या. म्हणजे ‘ढवळा, ढवळा’. लेकीने पदर खोचावा तशी बाही वर केली आणि ढवळू लागली. पण तिचा हात पोळ्या लाटणारा, गोल फिरणारा. ते काही विहीणबाईंना बघवेना. त्या मागे उभ्या राहिल्या, तिच्या हातावर हात ठेवला आणि ओरडल्या, “नों, नों! तूर्न! तीर! मे तीर दोंक!” माझे फ्रेंच चार दिवसांचे, पण ‘तूर्ने’ आणि ‘तूर्न’ यांतला फरक मला लेकीने विमानतळावरच शिकवला होता. ‘ढवळा’ नव्हे, ‘ढवळ! ओढ! अगं ओढ ना!’

लेकीने वळून पाहिले नाही. तिला फुरसतच नव्हती. पण तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मी आपली कोंबडीचे झाकण काढून उगाच मीठ चाखीत राहिले.

जेवायला बसलो तेव्हा आलिगो कात्रीने कापून वाढला. होय, कात्रीनेच, नाहीतर एका ताटातली तार दुसऱ्या ताटात जाते. त्यावर माझी लालभडक कोंबडी. थोरल्या मुलाने पहिल्याच घासाला पाण्याचा पेला उचलला. जावईबुवा पुण्यात तयार झालेले. ते म्हणाले, पाणी नको, आलिगो खा. खरेच आहे ते. तिखटाचा दाह पाण्याने जात नाही, दुधातले केसीन आणि स्निग्धांश त्याला धरून नेतात. आपल्याकडे झणझणीत रश्श्याबरोबर दही ठेवतात ते याचसाठी. गंमत म्हणजे मिरची आणि बटाटा, दोन्ही अमेरिकेतली. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, आणि ‘बटाटा’ हा शब्दही आपण त्यांच्याचकडून घेतला. ती दोघे त्या दिवशी एका ताटात माहेरपणाला आल्यासारखी भेटली.

विहीणबाई सावकाश जेवल्या. नाक लाल झाले, डोळ्यांना पाणी आले, पण घास थांबला नाही. मध्येच त्या म्हणाल्या (लेकीने भाषांतर केले), “मध वरच्या कुरणाकडचा आहे. मला कळला.” आणि पुन्हा ताट पुढे केले. कौतुकाचा शब्द म्हणाल तर एवढाच. पुढे जेवण संपेपर्यंत त्या माझ्या लेकीला चार वेळा ‘त्यु’ म्हणाल्या. मी मोजले. एकदा चुकून ‘वू’ आले, तेव्हा त्यांनीच चमचा ताटावर आपटून ते सुधारले.

निघताना त्यांनी मला लागियोलचा सुरा दिला. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, पात्याच्या मागे माशी कोरलेला. आपल्याकडे सुरी हातात देऊ नये, भांडण होते, असे म्हणतात. मी जरा बिचकले. तर त्यांनी हात पुढे केला आणि एक नाणे मागितले. सुरा फुकट दिला तर मैत्री कापली जाते, विकत घेतला तर नाही, असा तिकडचा रिवाज! मी पर्स उपसली. युरो सगळे ‘ह्यां’च्या खिशात. एक रुपया सापडला तो दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

इथे आल्यावर मी दोनदा आलिगो करून पाहिला. एक सूचना करून ठेवते: पनीर घालू नका. पनीर लिंबाने फाडलेले असते, ते वितळत नाही आणि तार धरत नाही. बाजारात पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला मिळते, त्याने पुष्कळ जवळ जाता येते. मसाल्याच्या तीन पिशव्यांपैकी एक मी ओब्राकलाच ठेवून आले होते. लेकीचा परवा फोन आला, ती संपली म्हणून.