गाडी सोडावी, डोंगर चढावा

व्यापारी कुटुंबात मालाची काळजी लहानपणापासून अंगी बाणलेली असते. जोडलेली वस्तू सहजासहजी सोडायची नाही, या वृत्तीवरच दुकान उभे राहते. नदीकाठच्या मुक्कामात मात्र हीच वृत्ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बिग थॉम्पसन नदीच्या दरीत 1976 साली जे घडले, ते या दृष्टीने मननीय आहे.

31 जुलैची, शनिवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी राज्याच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. सुट्टीसाठी आलेल्या हजारो लोकांनी ती अरुंद दरी गजबजली होती. कोणी तंबूत, तर कोणी काठावरच्या विश्रामगृहांत उतरले होते. दरीच्या वरच्या अंगाला वादळी ढग आले आणि जागचे हलेनात. काही तासांत तेथे सुमारे 300 मिलिमीटर पाऊस कोसळला. खालच्या भागात मात्र पाऊस अगदीच थोडा होता. आपल्या डोक्यावर पाऊस नसताना नदी अंगावर येईल, हे तेथील लोकांना कसे पटावे? लोकांना सावध करीत फिरणारे दोन पोलीस अधिकारीही पुरात वाहून गेले. एकूण 140 हून अधिक माणसे दगावली.

इव्ह ग्रंटफेस्ट या अभ्यासिकेने पुढे त्या रात्रीचा शोध घेतला. रस्त्याने गाडी पळवून दरीबाहेर पडू पाहणाऱ्यांपैकी अनेकांना पुराने गाठले; गाडी सोडून शेजारचा उतार चढणारे बहुतांशी वाचले. आज कोलोरॅडोच्या दऱ्यांत रस्त्याकडेला फलक दिसतात: पूर आल्यास वर चढा.

यामागचे कारण साधे आहे. वेगाने वाहणारे 15 सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते आणि 60 सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. गाडीला रस्त्यानेच जावे लागते आणि दरीतला रस्ता नदीची सोबत सोडत नाही.

सह्याद्रीतले ओढेही असेच घाटमाथ्याच्या पावसावर फुगतात. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला.

म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा, तोही मुक्कामापुरता नव्हे, तर नदीच्या वरच्या भागाचाही. दरीत फोन लागेलच असे नाही. मुक्कामाचे ठिकाण घरी सांगून ठेवावे. तंबू वाळूच्या पात्रात ठोकू नये. उजेड असतानाच वर चढण्याची वाट पायाखालून घालावी. रात्री विजेरी आणि पादत्राणे उशाशी असावीत, एकाने जागे राहावे. पाणी गढूळ झाले, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर भोंग्याची वाट पाहू नये.

गाडीचे नुकसान वहीत एका ओळीत मांडता येते. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी जेवतानाच सर्वांना बजावून ठेवावे: पाणी चढले, तर काहीही उचलायचे नाही, मुलांचा हात धरायचा आणि वर जायचे.